व्यायाम करणाऱ्याचा ठोका चुकतो तेव्हा

धावणारे, सायकल चालवणारे, पोहणारे, वजनं उचलणारे, या मंडळींची एक तऱ्हा असते. गुडघा ठणकत असला तरी महिनाभर अंगावर काढतील; पण छातीत एकदा गचका बसला की रात्रभर मनगटावर बोटं ठेवून जागे राहतील. त्यांची झोप उडवणारे हे ठोके बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात. उलट ज्याची खरोखर दखल घ्यायला हवी, ते 'आज जरा दमलो होतो' म्हणून सोडून दिलं जातं. रात्री अंथरुणात जाणवलेला चुकार ठोका आणि चढावर अर्ध्यात आलेली अंधारी यांत पहिल्याची भीती जास्त वाटते. धोका मात्र दुसऱ्यात जास्त असतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच फरकावर उभ्या आहेत. लेख वाचून निदान करायचं नाही. डॉक्टरसमोर बसताना हाताशी नेमकी माहिती असावी आणि तोवर व्यायामाचं काय करायचं ते कळावं, एवढ्यासाठी हा लेख आहे.

पायरी १: आधी धोक्याच्या खुणा तपासा

खालचं काहीही लागू होत असेल, तर जोराचा व्यायाम आजपासून बंद ठेवा आणि हृदयविकारतज्ज्ञांना दाखवा. लेखाचा उरलेला भाग नंतर वाचला तरी चालेल.

- व्यायाम चालू असताना शुद्ध हरपली, किंवा डोळ्यांपुढे अंधारी येऊन कोसळता कोसळता वाचलात.
- श्रमाबरोबर छातीत दाब, आवळल्यासारखं किंवा जळजळल्यासारखं होतं आणि थांबल्यावर ओसरतं. हेच दुखणं जबड्यात, खांद्यात किंवा हातातही येऊ शकतं.
- भर श्रमात एकाएकी वेडीवाकडी धडधड सुरू होते आणि पायांतली ताकद जाते.
- नेहमीच्या सोप्या वेगालाही काही आठवड्यांपासून दम लागतो आणि त्याचं कारण सापडत नाही.
- जवळच्या रक्ताच्या नात्यात कुणी पन्नाशीच्या आत अचानक गेलं, किंवा पट्टीचं पोहणारं माणूस बुडालं.
- हृदयाचा आजार आधीच माहीत आहे, किंवा नुकत्याच झालेल्या तापानंतर छातीची लक्षणं सुरू झाली आहेत.

पहिल्या मुद्द्यातला 'चालू असताना' हा भाग महत्त्वाचा आहे. शर्यत संपवून एकदम थांबल्यावर चक्कर येणं बऱ्यापैकी सामान्य आहे. पायांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. ते थांबले की रक्त पायांत साचतं आणि डोक्याकडे जाणारा पुरवठा क्षणभर घटतो. म्हणून शेवटी पाच-दहा मिनिटं चालायचं असतं. धावता धावता कोसळणं ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे. ते एकदाच घडलं आणि नंतर बरं वाटलं, तरी तपासणी टाळायची नाही.

बुडण्याचा उल्लेख पाहून काहींना नवल वाटेल. लाँग क्यूटी नावाचा एक आनुवंशिक विकार आहे. त्याच्या एका प्रकारात पोहताना घातक लय सुरू होऊ शकते, आणि घरात त्याची आठवण 'बुडून गेला' अशीच राहते. डॉक्टर कुटुंबाचा इतिहास विचारतात तेव्हा म्हणूनच 'घरात हृदयविकार आहे का' एवढ्याचं उत्तर पुरत नाही.

वयाचाही संबंध आहे. पस्तिशीच्या आतल्या खेळाडूंमध्ये अचानक मृत्यूच्या कारणांत जन्मजात किंवा आनुवंशिक विकार ठळक असतात: हृदयाचा स्नायू जाड होणं, विद्युत यंत्रणेतले दोष, हृदयाला रक्त पुरवणारी धमनी चुकीच्या जागेतून निघणं. पस्तिशीनंतर मुख्य कारण बदलतं, ते म्हणजे या धमन्यांमधले अडथळे. चाळिशीत मॅरेथॉनची तयारी करणाऱ्याने ठोके मोजण्याबरोबर रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉलही तपासलेलं असावं. बरेच जण महागडे बूट घेतात आणि हे तीन आकडे मात्र त्यांना ठाऊक नसतात.

पायरी २: छातीत नेमकं काय होतं ते समजून घ्या

हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा धडकतं. प्रत्येक ठोक्याचा इशारा उजव्या वरच्या कप्प्यातल्या एका छोट्या केंद्रातून निघतो. कधीकधी दुसरीकडची एखादी पेशी त्या केंद्राच्या आधीच इशारा देते आणि ठोका वेळेआधी पडतो. यालाच एक्टोपिक म्हणतात. तो वरच्या कप्प्यातून आला तर पीएसी, खालच्या कप्प्यातून आला तर पीव्हीसी.

गंमत म्हणजे हा अवेळी ठोका बहुधा जाणवतच नाही. हृदय पुरतं भरायच्या आत तो पडतो, त्यामुळे रक्त थोडंच बाहेर जातं. त्यानंतर छोटा विराम येतो, त्या वेळात हृदय नेहमीपेक्षा जास्त भरतं आणि पुढचा ठोका जोरात बसतो. आपल्याला कळतो तो हा विराम आणि त्यामागचा दणका. 'हृदय थांबलं होतं' असं वाटतं, पण ते थांबलेलं नसतं.

व्यायाम करणाऱ्यांना हे जास्त का जाणवतं, याला साधी कारणं आहेत. सरावलेलं हृदय विश्रांतीत संथ चालतं. सर्वसाधारण माणसाची नाडी ६० ते १०० च्या दरम्यान असते, तर सहनशक्तीचा व्यायाम करणाऱ्यांची ४० ते ५० असणं नवलाचं नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर वाढलं की मध्ये घुसायला चुकार ठोक्याला जागा मिळते. शिवाय असं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकतं, म्हणून दणकाही मोठा. डाव्या कुशीवर झोपल्यावर हृदय छातीच्या भिंतीला आणखी टेकतं, आणि खोलीतली शांतता त्यात भर घालते. व्यायाम सुरू केल्यावर नाडी वाढून हे ठोके नाहीसे होत असतील, तर ते सहसा निरुपद्रवीपणाचं लक्षण मानलं जातं. श्रम वाढवताना ते वाढत गेले, तर तपासणी हवी.

श्वासाबरोबर नाडी बदलणं हा तर आजारही नाही. श्वास आत घेताना ती थोडी वेगावते, सोडताना संथ होते. तरुण आणि तंदुरुस्त माणसांत हा चढउतार ठळक असतो.

चुकार ठोक्यांशिवाय आणखी तीन नमुने ओळखता यायला हवेत. पहिला, हळूहळू चढणारी आणि हळूहळू उतरणारी धडधड: ताण, ताप, पाण्याची कमतरता, रक्ताची कमतरता. हा नेहमीच्याच केंद्राचा वाढलेला वेग. दुसरा, खटक्यासरशी सुरू होणारी, घड्याळासारखी नियमित, साधारण १५० ते २२० च्या वेगाची आणि तशीच खटक्यासरशी थांबणारी धडधड. हा एसव्हीटीचा, म्हणजे हृदयाच्या वरच्या भागातून सुरू होणाऱ्या जलद लयीचा, नमुना असू शकतो. वाढत्या श्रमात नाडी १४० वरून क्षणात २०० वर गेली आणि पाय मात्र त्याच वेगात चालले होते, अशी तक्रार घेऊन आलेल्यांत हा बऱ्याचदा सापडतो.

तिसरा नमुना म्हणजे कुठलाच मेळ नसलेली लय. एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे एएफ, यात वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता थरथरतात. बोटांखाली एकही अंतर दुसऱ्यासारखं लागत नाही, आणि अंगातलं त्राण गेल्यासारखं वाटतं. हा लगेच जिवावर बेतणारा प्रकार सहसा नसतो. पण थरथरणाऱ्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊन ती मेंदूत जाऊ शकते, म्हणून तो पकडणं आवश्यक आहे.

व्यायाम करणाऱ्यांना इथे एक अप्रिय गोष्ट सांगायला हवी. मध्यम व्यायामाने एएफचा धोका कमी होतो. पण वर्षानुवर्षं प्रचंड प्रमाणात सहनशक्तीचा सराव करणाऱ्यांत, विशेषतः मध्यमवयीन पुरुषांत, तो पुन्हा वाढलेला दिसतो. स्वीडनमधल्या वासालोपेट या ९० किलोमीटरच्या स्की शर्यतीत १९८९ ते १९९८ दरम्यान भाग घेतलेल्या ५२,७५५ जणांचा पुढे मागोवा घेतला गेला. २०१३ साली आलेल्या निष्कर्षांत, ज्यांनी जास्त शर्यती पूर्ण केल्या आणि जे जास्त वेगवान होते, त्यांच्यात लय बिघडण्याचं प्रमाण अधिक होतं. आठवड्याला चार-पाच तास घाम गाळणाऱ्याने यावरून व्यायाम सोडायचा नाही. वीस वर्षं अतिलांब शर्यती धावलेल्याने मात्र 'मी इतका तंदुरुस्त, मला कसं होईल' हा युक्तिवाद सोडावा.

पायरी ३: नाडी पाहायला शिका आणि नोंद ठेवा

तर्जनी आणि मधलं बोट अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या आतल्या कडेला हलकेच टेकवा. अंगठ्याने पाहू नका, त्याला स्वतःची नाडी असते. मानेवर पाहायचीच असेल तर एकाच बाजूला आणि न दाबता. पूर्ण ६० सेकंद मोजा. लय अनियमित असताना १५ सेकंद मोजून चारने गुणणं फसवं ठरतं. मोजताना आकड्यापेक्षा लयीकडे लक्ष द्या: बाकी सगळं सरळ आणि मध्येच एखादा ठोका गाळलेला, का सगळंच विस्कळीत?

निरोगी असताना हे दहा-बारा वेळा करून ठेवा. स्वतःची नेहमीची लय बोटांना माहीत नसेल तर बिघडलेली कळणार कशी?

त्रास होईल तेव्हा मोबाइलमध्ये चार ओळी लिहा: केव्हा, काय करत होता, सुरुवात व शेवट झटक्यात का हळूहळू, किती वेळ टिकलं, बरोबर काय होतं. आदल्या रात्रीची झोप, मद्य, ताप, नवीन औषध किंवा सप्लिमेंट असेल तर तेही. दोन-तीन आठवड्यांची अशी नोंद डॉक्टरच्या हाती दिली की भेटीचं स्वरूप बदलतं. 'मधूनमधून कसंतरी होतं' यावर कुणीच फार काही करू शकत नाही.

नोंद फक्त त्रास झाला तरच करायची. दर तासाला नाडी तपासून लिहिणं हे वेगळंच दुखणं आहे, त्याबद्दल पुढे.

पायरी ४: मनगटावरच्या घड्याळाचं किती ऐकायचं

घड्याळ हिरवा प्रकाश कातडीवर टाकून रक्ताच्या लाटा मोजतं. हृदयातली वीज ते मोजत नाही, आणि बरेच घोटाळे इथूनच सुरू होतात. धावताना पट्टा सैल असेल तर ते पावलांचीच लय पकडून बसतं. सोप्या वेगात अचानक १७५ दिसलं आणि तुम्ही मिनिटाला १७५ च्या आसपास पावलं टाकत असाल, तर आधी पट्टा आवळा. थंडीत हात गार पडले की आकडे आणखी बिघडतात. उलटही घडतं: एकाआड एक पीव्हीसी पडत असतील तर अवेळी ठोक्याची लाट मनगटापर्यंत पोचतच नाही आणि नाडी खरी ८० असताना घड्याळ ४० दाखवतं.

व्यायामातल्या आकड्यांवर विसंबायचं असेल तर छातीचा पट्टा वापरा. तो वीज मोजतो. सुरुवातीला कोरडा असताना तोही वेडीवाकडी शिखरं काढतो, म्हणून आतली बाजू ओली करून लावा. आणि '२२० वजा वय' या सूत्रापेक्षा नाडी वर गेली म्हणून घाबरू नका. ते सरासरीचं सूत्र आहे. एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत कमाल नाडीचा दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज असतो.

ईसीजी, म्हणजे हृदयातल्या विजेचा आलेख, काढणारं घड्याळ असेल तर मात्र त्याचा खरा उपयोग आहे. त्रास होत असतानाच स्थिर बसून, हात मांडीवर टेकवून ३० सेकंदांची पट्टी काढा आणि जपून ठेवा. घड्याळाने खाली लिहिलेल्या शेऱ्यापेक्षा डॉक्टरला ती पट्टी मोलाची असते. हृदयाचा झटका तिच्यातून कळत नाही, हे लक्षात असू द्या. छाती दुखत असताना 'लय सामान्य' असं वाचून घरी बसणं धोक्याचं आहे.

घड्याळाच्या सूचनांबद्दल २०१९ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ४,१९,२९७ जणांनी त्यात भाग घेतला. अनियमित नाडीची सूचना ०.५२ टक्के लोकांनाच आली. सूचना आलेल्यांपैकी ज्यांनी नंतर ईसीजी नोंदवणारी चिकटपट्टी छातीवर लावून ती परत पाठवली, त्यांच्यातल्या ३४ टक्क्यांत त्या नोंदीत एएफ दिसलं. एएफ येऊन-जाऊन असतं, त्यामुळे उरलेल्यांना ते नव्हतंच असंही म्हणता येत नाही. सूचना आली तर डॉक्टरकडे जायचं. ती आली नाही याचा अर्थ सगळं ठीक, असा मात्र काढायचा नाही.

पायरी ५: तपासण्या, आणि त्या कशासाठी

सुरुवात बारा लीडच्या ईसीजीने होते. दहा सेकंदांची ही पट्टी त्या क्षणीचे ठोके पकडेलच असं नाही, पण मूळ विद्युत रचनेतले दोष त्यात दिसू शकतात. इथे एक अडचण येते: सराव केलेल्या हृदयाचा ईसीजी नेहमीच्या मोजमापाने विचित्र दिसतो. संथ लय, वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये इशारा पोचायला थोडा उशीर, काही लहरींची उंची, हे खेळाडूंत चालणारं असतं. म्हणूनच २०१७ मध्ये खेळाडूंच्या ईसीजीसाठी वेगळे आंतरराष्ट्रीय निकष प्रसिद्ध झाले. तुम्ही आठवड्याला किती तास आणि काय व्यायाम करता, हे विचारलं नाही तरी सांगा. त्याच निकषांत, दहा सेकंदांच्या पट्टीवर दोन किंवा जास्त पीव्हीसी दिसल्या तर पुढे तपास करा असं म्हटलं आहे.

नंतर टूडी इको. हृदयाची रचना, भिंतींची जाडी, झडपा, आकुंचनाची ताकद यातून दिसते. चुकार ठोक्यांच्या बाबतीत सर्वांत मोठा दिलासा इथेच मिळतो, कारण रचना निरोगी असेल आणि घरात इतिहास नसेल तर एकट्यादुकट्या एक्टोपिकचं महत्त्व फार कमी होतं.

ट्रेडमिल टेस्ट करायला सांगितली तर एक आग्रह जरूर धरा: ठरावीक नाडी गाठली की थांबवण्याऐवजी, डॉक्टरला सुरक्षित वाटत असेल तर तुमच्या खऱ्या क्षमतेपर्यंत जाऊ द्या. ज्याला १७० च्या नाडीवर त्रास होतो त्याची चाचणी १५० ला संपली तर काय कळणार? त्रास थांबल्यावर होत असेल तर चाचणीनंतरच्या मिनिटांचीही नोंद घ्यायला सांगा.

होल्टर, म्हणजे अंगावर लावून ईसीजी सतत नोंदवणारं छोटं यंत्र, २४ ते ४८ तास चालतो. बऱ्याच जणांना तो लावल्यावर 'आता जपून राहावं' असं वाटतं आणि ते दोन दिवस सोफ्यावर काढतात. मग अहवाल अर्थातच चांगला येतो! डॉक्टरनी मनाई केली नसेल तर त्या दिवसात नेहमीचा व्यायाम करा. त्रास आठवड्यातून एकदाच होत असेल तर एक-दोन आठवडे चिकटवून ठेवायची पट्टी जास्त उपयोगी, आणि वर्षातून दोनदाच पण शुद्ध हरपण्याइतका होत असेल तर कातडीखाली बसवायचा छोटा रेकॉर्डर असतो, तो काही वर्षं चालतो.

अहवालात पीव्हीसीची एकूण संख्या पाहून बरेच जण हादरतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १०० निरोगी माणसांच्या हृदयाची दोन आठवडे सतत नोंद ठेवली, तेव्हा कॉफी न पिण्याच्या दिवसांतही सरासरी १०२ पीव्हीसी रोज आढळल्या. शेकड्यांतला आकडा, निरोगी रचना आणि श्रमात कमी होणारे ठोके, या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तर डॉक्टर बहुधा हसून परत पाठवतील. एकूण ठोक्यांच्या १० टक्क्यांपुढे, म्हणजे दिवसाला साधारण दहा हजारांवर संख्या गेली की हृदयाचा स्नायू हळूहळू कमजोर होण्याची शक्यता लक्षात घेऊन वेळोवेळी इको करतात. सलग तीन किंवा जास्त पीव्हीसी, किंवा वेगवेगळ्या आकाराच्या पीव्हीसी दिसल्या तर संख्या कमी असली तरी डॉक्टर खोलात जातात, आणि हृदयाचा एमआरआय सांगू शकतात. रक्तात हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), थायरॉइड, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पाहणं स्वस्त आणि उपयोगी आहे.

सगळं ठीक आलं आणि तरी 'हे ठोके बंद होतील अशी गोळी द्या' म्हणून हटून बसू नका. १९८० च्या दशकात हृदयाचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांना पीव्हीसी दाबणारी औषधं देऊन पाहिली गेली. ठोके खरंच कमी झाले. पण औषध घेणाऱ्यांत मृत्यू जास्त झाले आणि १९८९ मध्ये ती औषधं बंद करावी लागली. ठोके कमी होणं आणि धोका कमी होणं एक नव्हे, हे तेव्हापासून हृदयविकारतज्ज्ञांच्या हाडीमाशी मुरलं आहे. एसव्हीटीची गोष्ट निराळी. तिथे ॲब्लेशनने दोष जाळून टाकता येतो आणि बहुतेकांची धडधड कायमची जाते. रोज बीटा ब्लॉकर हे नाडी मंदावणारं औषध घेऊन मंदावलेल्या नाडीने धावण्यापेक्षा व्यायाम करणाऱ्यांना तो मार्ग बऱ्याचदा जास्त रुचतो.

पायरी ६: तोवर व्यायाम किती करायचा

पायरी १ मधलं काही लागू होत असेल तर तपासणी होईपर्यंत फक्त आरामात चालणं. काहीच लागू नसेल, ठोके विश्रांतीत येत असतील आणि श्रमात जात असतील, तर बोलता येईल इतक्या वेगाचा व्यायाम चालू ठेवायला सहसा हरकत नसते. स्पर्धा, डोंगरातली एकट्याची लांब धाव आणि खोल पाण्यात एकट्याने पोहणं मात्र अहवाल येईपर्यंत नको. शेवटच्या दोन गोष्टींत भोवळ आली तर मदत पोचायलाच वेळ लागतो.

व्यायामाआधी दहा मिनिटं हळू सुरुवात आणि शेवटी तितकाच वेळ हळू उतार, हे आता ऐच्छिक समजू नका. जोरात धावून एकदम थांबलं की रक्तातलं ॲड्रेनलिन अजून चढलेलं असतं आणि नाडी झपाट्याने पडत असते. चुकार ठोक्यांना हा काळ फार आवडतो. उतार लांबवला की अनेकांचा निम्मा त्रास तिथेच संपतो. वजनं उचलणाऱ्यांनी श्वास कोंडून जोर लावणं टाळावं.

तापात व्यायाम नाही. यावर माझं मत कडक आहे, कारण इथे घासाघीस करण्याची खोड सगळ्यांनाच असते. नुसती नाक गळणारी सर्दी असेल तर हलका व्यायाम चालतो. ताप, अंगदुखी किंवा छातीत घरघर असेल तर घरी बसायचं. विषाणू हृदयाच्या स्नायूत शिरून सूज आणू शकतो. तशी सूज निदान झाली तर साधारण ३ ते ६ महिने जोराचा व्यायाम बंद ठेवावा लागतो.

पायरी ७: ठोके चिथावणाऱ्या गोष्टी एकेक करून पाहा

सगळं एकदम बंद केलं तर कशाने फरक पडला ते कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तिला दोन आठवडे द्या.

क्रमाने पहिली झोप. दुसरं मद्य: एएफ असलेल्या १४० मद्य घेणाऱ्यांच्या २०२० सालच्या एका चाचणीत निम्म्यांना मद्य सोडायला सांगितलं, सहा महिन्यांत एएफ परतण्याचं प्रमाण सोडणाऱ्यांत ५३ टक्के, न सोडणाऱ्यांत ७३ टक्के होतं. त्यापुढे पाणी आणि क्षार, विशेषतः उन्हातल्या लांब सत्रांनंतर.

कॉफीला मात्र उगीच बदनाम केलं जातं. वर सांगितलेल्या १०० जणांच्या अभ्यासात कॉफीच्या दिवशी पीव्हीसी १०२ वरून १५४ झाल्या, वरच्या कप्प्यातल्या ठोक्यांत लक्षणीय फरक पडला नाही, झोप सरासरी ३६ मिनिटांनी घटली आणि पावलं हजारेक वाढली. म्हणजे काहींना थोडा फरक पडतो, तो स्वतःवर तपासून पाहा. व्यायामाआधी घ्यायच्या उत्तेजक पावडरी ही वेगळी जात आहे. त्यांत कॅफीनचा डोस मोठा असतो आणि बरोबर इतरही उत्तेजकं असतात. ठोके जाणवत असताना त्या पूर्ण बंद. नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्यांतलं स्यूडोएफेड्रिन, दम्याचे काही पंप, जास्त झालेला थायरॉइडच्या गोळीचा डोस आणि स्नायू वाढवण्यासाठी घेतलेली स्टेरॉइड्स, हेही ठोके चिथावतात. शेवटचं डॉक्टरपासून लपवू नका. ते दंड करत नाहीत.

पोटॅशियम किंवा मॅग्नेशियमच्या गोळ्या मनाने सुरू करू नयेत. मूत्रपिंडात दोष असेल तर रक्तातलं पोटॅशियम वाढून तेच घातक लय आणू शकतं. आणि जोडीदार जोरात घोरण्याची, मध्येच श्वास थांबल्याची तक्रार करत असेल तर झोपेची तपासणी करा. सडपातळ माणसांनाही स्लीप ॲप्निया होतो आणि एएफशी त्याचं नातं घट्ट आहे.

पायरी ८: धडधड सुरू झाली, आता काय

थांबा, बसा, नाडी पाहा, जमलं तर ईसीजी काढा. छातीत दुखणं, श्वास न पुरणं, शुद्ध जाईल असं वाटणं, किंवा तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं, यांतलं काहीही असेल तर लगेच रुग्णवाहिका बोलवा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. यातलं काही नसलं, पण विश्रांती घेऊनही अर्ध्या तासात वेग उतरला नाही, तरी रुग्णालयात जायचं. लय बिघडलेली असतानाचा ईसीजी तिथे हाती लागला तर निदानाचं निम्मं काम झालं.

एसव्हीटीचं निदान झालेलं असेल आणि डॉक्टरनी शिकवलं असेल तर जोर लावण्याची युक्ती करता येते. अर्धवट रेलून १५ सेकंद, रिकाम्या १० मिलिलिटरच्या सिरिंजचा दट्ट्या हलेल इतक्या जोराने तिच्यात फुंकायचं. मग लगेच सपाट आडवं होऊन कुणीतरी पाय ४५ अंशांवर १५ सेकंद उचलून धरायचे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या पद्धतीने ४३ टक्के रुग्णांची लय जागेवर आली. पाय न उचलता नुसता जोर लावणाऱ्यांत हे प्रमाण १७ टक्के होतं. मानेच्या धमनीवर स्वतः दाब देण्याच्या भानगडीत पडू नका.

पायरी ९: अहवाल चांगला आला, भीती गेली नाही

हे फार जणांचं होतं आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. भीतीने ॲड्रेनलिन वाढतं, त्याने चुकार ठोके वाढतात, ते जाणवले की भीती वाढते. त्यात दर पंधरा मिनिटांनी नाडी तपासण्याची सवय लागली की छातीतली बारीकशी हालचालही सुटत नाही. नाडी तपासल्यावर मिळणारा दिलासा पाच मिनिटं टिकतो, म्हणून पुन्हा तपासावंसं वाटतं.

यावर 'विचार करू नका' हा सल्ला निरुपयोगी आहे. त्याऐवजी डॉक्टरला स्पष्ट विचारून एक मर्यादा लिहून घ्या: काय झालं तर परत यायचं, आणि काय झालं तर नाही. मग घड्याळातल्या नाडीच्या सूचना महिनाभर बंद करा. एएफची सूचना डॉक्टरनी सांगितली असेल तर तेवढीच ठेवा. ठोका जाणवला की हातातलं काम न थांबवता चालू ठेवा, नाडीकडे हात गेला तर तो दहा मिनिटं पुढे ढकला. व्यायाम टाळायला लागला असाल तर सोप्या वेगाच्या छोट्या सत्रांनी परत सुरू करा, सुरुवातीला सोबत घेऊन. महिना-दोन महिन्यांत फरक पडला नाही तर मानसोपचारतज्ज्ञांकडे संज्ञानात्मक वर्तन उपचार, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारे उपचार, मिळतात. अशा भीतीवर ते चांगले लागू पडतात.

नवीन लक्षण आलं, ठोके श्रमात यायला लागले किंवा क्षमता घसरली, तर जुन्या चांगल्या अहवालाला चिकटून बसू नका. पीव्हीसींची संख्या जास्त असलेल्यांनी डॉक्टरनी सांगितलेल्या तारखेला इको आणि होल्टर पुन्हा करावं, बरं वाटत असलं तरी.

सोबत्यांसाठी

१२ जून २०२१ रोजी डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिश्चन एरिक्सन फिनलंडविरुद्धच्या सामन्यात मैदानावर कोसळला. तो २९ वर्षांचा व्यावसायिक खेळाडू होता. मैदानातच छातीदाब आणि विजेचा झटका मिळाल्यामुळे तो वाचला, शरीरात डिफिब्रिलेटर (घातक लय आल्यास झटका देणारं यंत्र) बसवून पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा खेळायला लागला. हृदय बंद पडल्यावर मदतीविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. त्यामुळे तुमच्या धावण्याच्या किंवा सायकलच्या गटातल्या निदान दोघांनी सीपीआर शिकलेलं असावं: छातीच्या मध्यावर, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० दाब, मदत येईपर्यंत. सरावाच्या जागी एईडी, म्हणजे विजेचा झटका देणारं यंत्र, कुठे ठेवलं आहे आणि ते कुलूपबंद नाही ना, हे पुढच्या वेळी गेल्यावर पाहून या. लांब धावेला निघताना खिशात नाव, घरचा फोन नंबर आणि चालू औषधं लिहिलेली चिठ्ठी ठेवा. फोन लॉक असला तरी ती वाचता येते.